कांपानियाची सुरई आणि ब्रह्मपुरीची टेकडी

खुलताबादला येणारा माणूस बहुधा मध्ययुगासाठी येतो. औरंगजेबाची साधी कबर, मलिक अंबरचा घुमट, सुफी संतांचे दर्गे. आणि घाट उतरला की वेरूळ. पण नकाशावर खुलताबादला कंपासाचे टोक टेकवून साठ-पासष्ट किलोमीटरचे एक वर्तुळ काढले, तर त्या रेषेच्या आसपास तीन सातवाहनकालीन नगरे येतात. दक्षिणेस पैठण, नैर्ऋत्येस नेवासे, ईशान्येस भोकरदन. दोन हजार वर्षांपूर्वी या तिन्ही गावांचा इटलीशी संबंध होता.

हा धागा एका इटालियन सुरईचा आहे. ती सापडली कोल्हापुरात आणि आजही कोल्हापूरच्याच संग्रहात आहे. तरी तिची गोष्ट गोदावरीच्या खोऱ्यातून सुरू करणे सोयीचे, कारण अशी सुरई ज्या द्रवासाठी घडवली जाई, त्याची खापरे इथे मिळाली आहेत.

पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात बरिगाझा, म्हणजे भडोच, या बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेकडे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे अंतर दिले आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. उलट दिशेने येणाऱ्या मालाच्या यादीत पहिलेच नाव मद्याचे आहे. त्यातही लेखकाने पसंतीक्रम नोंदवला आहे: आधी इटलीचे, मग लाओदिकियाचे आणि अरबस्तानचे. राजासाठी वेगळा, उंची माल येई. त्यात चांदीची भांडी, गाणारे गुलाम, तरुण मुली, भारी वस्त्रे आणि उत्तम मद्य. माणसे आणि मद्य एकाच यादीत, एकाच सुरात नोंदवलेली आहेत. या व्यापाराची वर्णने रम्य करून सांगण्याची सवय आपल्याकडे आहे; त्या वेळी ही ओळ सहसा गाळली जाते.

हे मद्य येई मातीच्या उंच, दोन कानांच्या, टोकदार बुडाच्या कुंभांतून. त्यांना अँफोरा म्हणतात. नेवाशाला डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्या अहवालाचे शीर्षकच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाणारे आहे, कारण वरच्या थरांतल्या मध्ययुगापासून खाली उतरत ते थेट अश्मयुगापर्यंत पोहोचले. मधल्या सातवाहन थरांत या कुंभांची खापरे मिळाली. पुढे २००१ साली सुनील गुप्ता, डेव्हिड विल्यम्स आणि डेव्हिड पीकॉक यांनी नेवाशाच्या खापरांवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. त्यांचा विषय होता ‘ड्रेसेल २-४’ या प्रकारचे मद्यकुंभ. हाइन्रिख ड्रेसेल हा जर्मन विद्वान. त्याने १८९९ साली रोममधल्या कुंभांच्या आकारांचा तक्ता छापला आणि आजही जगभरचे पुरातत्त्वज्ञ त्याच तक्त्यातले आकडे वापरतात. २-४ ची खूण कानात असते. मातीच्या दोन वळ्या शेजारी-शेजारी जोडून तो केलेला असतो.

आकारापेक्षाही बोलकी असते माती. नेपल्सच्या आखाताकाठी घडवलेल्या कुंभांच्या मातीत बारीक काळे चमकदार कण दिसतात. ती व्हेसुव्हियसच्या परिसरातली ज्वालामुखीची वाळू. खापराचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हे कण ओळखू येतात आणि कुंभ कुठल्या किनाऱ्यावर भाजला गेला ते कळते. इटलीच्या या भागाचे नाव कांपानिया. आपली सुरईही तिथलीच.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. भारतात ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदवलेल्या खापरांपैकी बरीच रोमन नाहीत. रॉबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेने भारतातल्या अनेक संग्रहांतली खापरे प्रत्यक्ष हाताळून पाहिली. त्यांतली कित्येक मेसोपोटेमियातल्या कुंभांची निघाली. हे कुंभ लांबट, बिनकानांचे आणि आतून डांबराचा लेप दिलेले असतात. त्यांना ‘टॉर्पेडो जार’ म्हणतात. टॉम्बर यांनी २००७ साली हे मांडले, तेव्हा पश्चिम भारतातल्या कित्येक स्थळांच्या ‘रोमन व्यापाराचा’ नकाशा पुन्हा काढावा लागला. रोमचे नाव मोठे, म्हणून प्रत्येक परके खापर रोमच्या खात्यावर चढले होते. हे पुन्हा तपासता आले, कारण ती खापरे थरांच्या नोंदीसह पेट्यांमध्ये जपून ठेवलेली होती. हा मुद्दा पुढे लागेल.

कुंभातून मद्य थेट पेल्यात ओतत नसत. ते आधी मोठ्या भांड्यात काढून त्यात पाणी मिसळायचे, गाळायचे, आणि मग एका कानाच्या, निमुळत्या गळ्याच्या सुरईतून वाढायचे. ग्रीक भाषेत अशा सुरईला ‘ओइनोखोए’ म्हणतात. शब्दशः अर्थ मद्य ओतणारी. इटलीत हा आकार फार जुना आहे. रोमच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांनी तो मातीत घडवला. त्यांची ‘बुकेरो’ नावाची काळी, तुळतुळीत भांडी पाहिली तर ती मातीची आहेत यावर क्षणभर विश्वास बसत नाही. कडा धारदार, कान पट्टीसारखे, पृष्ठभाग घोटलेला. कुंभार धातूच्या भांड्याची नक्कल करत होता. ज्याला धातू परवडे तो धातूची सुरई घेई, ज्याला परवडत नसे तो तिची मातीची बहीण घेई. तांब्याचा हंडा आणि मातीचा डेरा एकाच माजघरात पाहिलेल्यांना हे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

धातूच्या भांड्यांसाठी कांपानिया प्रसिद्ध होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात थोरल्या काटोने शेतकऱ्यांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात कोणती वस्तू कोणत्या गावात घ्यावी याची चक्क बाजारयादी आहे. पाण्याच्या सुरया, मद्याचे घडे आणि इतर कांस्याची भांडी कापुआ आणि नोला या गावांत घ्यावीत, असा त्याचा सल्ला. दोन्ही गावे कांपानियातली. पुढची दोन-अडीचशे वर्षे तिथली भांडी आल्प्स ओलांडून जर्मनीत, डेन्मार्कपर्यंत गेली. आणि निदान काही पंचगंगेच्या काठी आली.

कोल्हापूरच्या वायव्येस, नदीकाठी, ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. निसर्गाने दिलेला तो डोंगर नव्हे. माणसांनी शतकानुशतके घरे बांधत, पाडत आणि पुन्हा बांधत रचलेला तो उंचवटा आहे. १८७७ साली तिथे नाण्यांचा एक छोटा साठा सापडला. त्यांवर विळिवायकुर, शिवळकुर अशी राजांची नावे होती. टॉलेमीच्या भूगोलात ‘हिप्पोकुरा’ नगरीचा राजा म्हणून ‘बालेओकुरोस’ असे नाव येते. ते आणि विळिवायकुर हे नाव एकच असावे, असे अनेक विद्वानांनी मानले. म्हणजे अलेक्झांड्रियात बसलेल्या भूगोलकाराच्या कानावर दख्खनमधल्या राजाचे नाव गेले होते, आणि त्या नावाची नाणी कोल्हापुरात मातीखाली पडून होती.

१९४४ च्या सुमारास या टेकडीवर पुन्हा खणती सुरू झाली. पुढाकार प्रा. के. जी. कुंदणगार यांचा. ते राजाराम महाविद्यालयात कन्नड शिकवत. कोल्हापूर संस्थान आणि उत्तर कर्नाटकातल्या शिलालेखांचे त्यांचे संकलन १९३९ साली प्रसिद्ध झाले होते. लेख वाचणारा, दगडावरची अक्षरे जुळवणारा हा माणूस. जमिनीचे थर वाचणे हे त्याचे शास्त्र नव्हते. त्या काळी ते भारतात फार थोड्यांना अवगत होते. पण ब्रह्मपुरीत काहीतरी आहे हे त्यांनी ओळखले आणि मातीतून निघालेले त्यांनी विखरू दिले नाही.

निघाले ते थक्क करणारे होते. शंभराहून थोड्या अधिक धातूच्या वस्तू. भांडी, आरसे, माणसे बसलेला छोटा कांस्याचा हत्ती, आणि वीतभरही उंची नसलेली एक नग्न पुरुषाची मूर्ती. ही मूर्ती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची. लिसिपस या ग्रीक शिल्पकाराच्या नावाशी जोडल्या गेलेल्या एका प्रसिद्ध शिल्पप्रकाराची ती छोटी आवृत्ती आहे. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्राचा देव. साहजिकच सगळे लक्ष त्याच्याकडे गेले. आजही ‘कोल्हापूर’ आणि ‘रोम’ हे दोन शब्द एकत्र आले की पोसायडनचेच छायाचित्र पुढे येते. सुरई मागे उभी राहिली.

पुढच्याच हंगामात, १९४५-४६ मध्ये, डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित ब्रह्मपुरीवर आले. त्यांनी खड्डे आखले, थर मोजले, विटांच्या घरांचे आराखडे काढले. त्यांचा अहवाल १९५२ साली निघाला. ब्रह्मपुरीच्या सातवाहनकालीन वस्तीबद्दल जे खात्रीने सांगता येते, त्याचा पाया तो अहवाल आहे. पण सुरई आणि पोसायडन त्यांच्या खड्ड्यांतून आले नव्हते. ते आधीच बाहेर पडले होते.

योगायोग असा, की त्याच १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला खणत होते. ती कथाही एका कपाटापासून सुरू होते. मद्रासच्या संग्रहालयात कपाटात पडलेले अँफोराचे खापर व्हीलर यांच्या हाती आले. ते कुठून आले याचा माग काढत ते पुदुच्चेरीला गेले, आणि तिथल्या ग्रंथालयात ठेवलेल्या तुकड्यांत त्यांना इटलीतल्या अरेझ्झोची लाल, चकचकीत भांडी दिसली. अरेझ्झोच्या भांड्यांचा काळ नेमका माहीत होता. व्हीलर यांनी ते तुकडे ज्या थरात मिळाले त्या थराला काळ दिला, आणि त्या थरातल्या सगळ्या स्थानिक भांड्यांना तो आपोआप मिळाला. दक्षिण भारताच्या प्राचीन कालगणनेला असा एक खुंटा मिळाला, तोही फुटक्या बशांच्या जोरावर.

ब्रह्मपुरीची सुरई अखंड, देखणी, धातूची. तरीही अरेझ्झोच्या फुटक्या बशीने केले ते काम तिला करता आले नाही. तिने शेजारच्या वस्तूंना काळ द्यायचा, तर तिचे शेजारी कोण होते हे पक्के ठाऊक हवे.

संग्रहाचा पुढचा प्रवास संस्थानाच्या अखेरच्या वर्षांशी बांधलेला आहे. ब्रह्मपुरीचे अवशेष ठेवायला जागा हवी, या गरजेतून १९४५-४६ च्या सुमारास कोल्हापुरात वस्तुसंग्रहालय उभे राहिले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षी संग्रहालय टाऊन हॉलच्या इमारतीत गेले. चार्ल्स मँटने आखलेली, १८७० च्या दशकात बांधलेली ती गॉथिक धाटणीची वास्तू. संस्थाने विलीन होत असतानाच्या धामधुमीत ठिकठिकाणच्या जुन्या वस्तू कुणाकुणाच्या घरी गेल्या, याच्या कथा महाराष्ट्रभर ऐकू येतात. कोल्हापूरची सुरई मात्र ब्रह्मपुरीपासून चालत जाण्याच्या अंतरावरच राहिली. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी असेच केले. गावात मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि तो संग्रह आज तेरमध्येच शासकीय संग्रहालय म्हणून उभा आहे.

यात वेगळे काय, हे कळायला नेपल्सलाच जावे लागते. अठराव्या शतकात सर विल्यम हॅमिल्टन हा ब्रिटिश राजदूत तिथे होता. कांपानियाच्या थडग्यांतून निघणारी रंगीत मातीची भांडी, सुरया, पेले त्याने शेकड्यांनी विकत घेतले. १७७२ साली त्याचा पहिला संग्रह ब्रिटिश म्युझियमने ८,४०० पौंडांना घेतला. ही सगळी भांडी एट्रुस्कन आहेत असा तेव्हाचा समज. त्याच भरात जोसाया वेजवुडने १७६९ साली आपल्या नव्या चिनी मातीच्या कारखान्याला ‘एट्रुरिया’ असे नाव दिले. पुढे कळले की त्या भांड्यांतली कितीतरी ग्रीक होती. कुठल्या थडग्यातून, कुणाच्या उशाशी, कशासोबत ती निघाली, हे खणणाऱ्या मजुरांना ठाऊक होते; त्यांना कुणी विचारले नाही. भांडे लंडनला पोहोचले, पण त्याचा पत्ता नेपल्सलाच राहिला.

कुंदणगार हॅमिल्टन नव्हते. त्यांनी वस्तू विकल्या नाहीत, गावाबाहेर जाऊ दिल्या नाहीत, आणि कुठल्या टेकडीवर मिळाल्या हे लपवले नाही. तरी एक तूट राहिलीच. ती कळते १९६० साली ‘ललित कला’ या नियतकालिकात आलेल्या कार्ल खंडालावाला यांच्या लेखातून. व्यवसायाने वकील आणि भारतीय कलेचे कठोर परीक्षक असलेल्या खंडालावालांनी ब्रह्मपुरीच्या धातुवस्तूंचा विचार केला, तेव्हा शीर्षकात शब्द वापरला ‘कुंदणगार संग्रह’. उत्खनन नव्हे, संग्रह. वस्तू एका जागी मिळाल्या म्हणून त्या एकाच काळच्या ठरत नाहीत, प्रत्येकीची घडण आणि शैली पाहूनच काळ ठरवावा लागेल, ही त्यामागची दृष्टी. वकिलाने साक्षीदार एकेक करून तपासावेत तसे त्यांनी केले. त्या वेळी हे अनेकांना रुचले नसेल, पण त्यांचा आग्रह योग्य होता.

सुरईला तिचे गाव मिळायला आणखी तीन दशके लागली. रिचर्ड डी प्युमा हे अमेरिकेतले अभ्यासक मुळात एट्रुस्कन आणि इटालियन कलेचे. १९९१ साली विमला बेगली यांच्यासह त्यांनी रोम-भारत सागरी व्यापारावरचा ग्रंथ संपादित केला. त्यात कोल्हापूरच्या कांस्यवस्तूंवर त्यांचे स्वतःचे प्रकरण आहे. त्यांनी ढिगातल्या परदेशी आणि देशी वस्तू वेगळ्या केल्या. शंभरांतल्या सुमारे दहाच बाहेरून आलेल्या. बाकी इथल्याच कारागिरांच्या. आणि त्या दहांत ही सुरई, कांपानियाच्या कारखान्यांतली. भारतीय पुरातत्त्वज्ञांना तिचे ‘परकेपण’ दिसत होते. तिचे गाव सांगायला इटलीच्या मातीतल्या अशाच सुरया पाहिलेला डोळा लागला. पॉम्पेईच्या राखेखाली ७९ साली गाडल्या गेलेल्या घरांतली भांडी तुलनेला आहेत, म्हणून असा निर्णय शक्य होतो.

मग ती कोल्हापुरात करत काय होती? सहज सुचणारे उत्तर म्हणजे मद्यपानाचा सरंजाम. इटलीचे मद्य, इटलीची सुरई; सातवाहनांच्या एखाद्या सरदाराच्या किंवा धनिकाच्या घरची मेजवानी. चित्र मोहक आहे आणि अशक्यही नाही.

दुसरी शक्यता रुक्ष आहे. पेरिप्लसमध्ये भडोचला उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसेही आहे. प्लिनीने तर लिहून ठेवले आहे की भारताकडे तांबेही नाही आणि शिसेही नाही. भारतीय ते रत्ने आणि मोती देऊन विकत घेतात. हे विधान अक्षरशः खरे नाही, पण धातूला इथे भाव होता एवढे त्यातून दिसते. अशा बाजारात परदेशी कांस्याची सुरई ही मेजवानीची वस्तू असेल तशीच मोडीची वस्तूही असू शकते. शंभर धातुवस्तू एकत्र, देशी-विदेशी मिसळलेल्या, हा एखाद्या तांबटाचा साठा तर नव्हे? अभ्यासकांनी ही शंका घेतली आहे. तसे असेल तर पोसायडन हा देव म्हणून आला नाही, तोळ्यांनी तोलला जाण्यासाठी आला. आणि भट्टीत जाण्याआधी घर पडले किंवा मालक परागंदा झाला, म्हणून वाचला.

या दोन शक्यतांमधला निवाडा सुरईकडे कितीही वेळ पाहून होत नाही. तो मातीत होता. शेजारी चूल होती की मूस, राख होती की धातूचा मळ, सुरई उभी ठेवलेली होती की तुकड्यांच्या ढिगात आडवी, यातच उत्तर होते. दक्षतेने काढलेल्या थरात या गोष्टी आपोआप नोंदल्या जातात. कुंदणगारांनी वस्तू वाचवली, आणि ती वाचवतानाच तिच्याभोवतीची माती हलली. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी हात घातला नसता तर घरांचे पाये खणणाऱ्यांनी ती मोडीत घातली असती, हेही तितकेच संभवते. पण नांगरटीत वर आलेले खापर किंवा नाणे खिशात घालून समाजमाध्यमावर त्याचे छायाचित्र टाकणाऱ्या आजच्या उत्साही इतिहासप्रेमींना ही सबब नाही. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत मिळालेल्या मौल्यवान ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

आता पुन्हा खुलताबादच्या वर्तुळावर, भोकरदनला. हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत इथल्या रहिवाशांची नावे कोरलेली आहेत. १९७० च्या दशकात इथल्या उत्खननात हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती मिळाली, दोन बाजूंना दोन छोट्या दासी असलेली. तेरलाही तिच्या जातीची मूर्ती मिळाली आहे. अशीच एक मूर्ती १९३८ साली अमेदेओ माइउरी यांना पॉम्पेईच्या एका घरात सापडली होती. ती भारतीय आहे हे लगेच कळले. भारतात नेमकी कुठली, यावर चर्चा चालत राहिली, आणि भोकरदनच्या तुकड्याने त्या चर्चेत दख्खनची बाजू भक्कम केली. ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

पॉम्पेई कांपानियात आहे. जिथून सुरई निघाली, तिथेच ही मूर्ती पोहोचली. पॉम्पेईची मूर्ती कुठल्या घरात आणि कुठल्या राखेखाली होती, ते नोंदलेले आहे. ७९ सालानंतर तिला कुणी हात लावला नव्हता, हे निर्विवाद. कोल्हापूरच्या सुरईचा काळ ठरवतानाही शेवटी त्याच राखेखालच्या भांड्यांशी तिची तुलना करावी लागते.